टी-शर्टावर फोटो कोणाचा?

वाचकहो, निवडणूक जवळ आली हे गावाला दोन गोष्टींवरून कळतं. एक म्हणजे रस्त्याच्या कडेला खडीचे ढीग येऊन पडतात. दुसरी म्हणजे पोरांच्या अंगावर नवे टी-शर्ट येतात. पाठीवर नंबर, वर मंडळाचं नाव, आणि छातीवर हात जोडलेले भाऊ, दादा, आप्पा नाहीतर साहेब. खडीच्या ढिगाबद्दल आपण पारावर पुष्कळ बोलतो. किती ब्रास आली, किती मुरली, मतदान झाल्यावर डांबर येणार की खडीच कोणी घराला नेणार, सगळा हिशेब आपल्याला तोंडपाठ असतो. टी-शर्टाबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. पोरं खूश असतात, घरचे म्हणतात चला, दोन-तीनशे रुपये वाचले. म्हणून आज जरा त्या टी-शर्टाबद्दल बोलू.

त्यासाठी आधी थोडं परदेशात जाऊन यावं लागेल. पुढारी आणि खेळाचा संघ यांचं नातं तिथंही आहे, मतं मागताना त्याचा वापर तिथंही होतो. पण तिथं ते गाडं उलट्या अंगानं चालतं. ते एकदा बघितलं की आपलं काय चाललंय ते चांगलं उमगतं.

इंग्लंडात फुटबॉलचा संघ म्हणजे आपल्याकडचं कुलदैवतच समजा. बापाचा जो संघ तोच मुलाचा. माणूस पक्ष बदलेल, पण संघ बदलणार नाही. तिथले पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन आपण अॅस्टन व्हिला या बर्मिंगहॅमच्या संघाचे असल्याचं वर्षानुवर्षं सांगत आले होते. त्यांचे एक नातेवाईक त्या क्लबचे अध्यक्षही होऊन गेलेले. २०१५ साली ऐन प्रचारात, २५ एप्रिलला, क्रॉयडनच्या भाषणात ते सांगत होते की आमच्या देशात माणूस एकाच वेळी मँचेस्टर युनायटेडचा, वेस्ट इंडीजच्या क्रिकेट संघाचा आणि ब्रिटनच्या ऑलिंपिक संघाचा चाहता असू शकतो. इथवर ठीक होतं. पुढे म्हणाले, अर्थात तुम्ही वेस्ट हॅमच्या बाजूनं असाल तर मला जास्त बरं वाटेल. झालं! वेस्ट हॅम हा लंडनचा संघ. दोघांचेही सदरे डाळिंबी आणि आभाळी रंगाचे, तेवढंच काय ते साम्य. साहेबांना संघ ठाऊक नाही, नुसता रंग ठाऊक आहे, अशी देशभर टिंगल झाली. डोकं क्षणभर चाललं नाही, अशी सारवासारव त्यांना करावी लागली.

आता गंमत बघा. बाराच दिवसांनी मतदान झालं आणि कॅमेरॉन यांच्या पक्षाला ६५० पैकी ३३१ जागा, म्हणजे स्पष्ट बहुमत मिळालं. तेव्हा संघ चुकला म्हणून खुर्ची जाते असं काही नाही. लोक इतके खुळे नसतात. पण माणूस पारखायची एक खूण त्यांना मिळाली, ती त्यांनी मनाच्या एका कोपऱ्यात ठेवून दिली.

अमेरिकेत एका बाईंना मात्र ही खूण महागात पडली. तिथला बेसबॉल हा आपल्या क्रिकेटचा चुलतभाऊच. त्यात बोस्टनचा रेड सॉक्स आणि न्यूयॉर्कचा यांकीज या दोन संघांचं वैर म्हणजे बांधावरची भाऊबंदकी. बोस्टन ज्या मॅसॅच्युसेट्स राज्यात येतं तिथं २०१० च्या जानेवारीत पोटनिवडणूक लागली. एडवर्ड केनेडी यांच्या निधनानं रिकामी झालेली जागा. १९६२ पासून ती त्यांच्याकडेच होती. डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवार मार्था कोकली हसतखेळत निवडून येतील असं सगळे धरून चालले होते. प्रतिस्पर्धी स्कॉट ब्राऊन फेनवे पार्क या रेड सॉक्सच्या मैदानाबाहेर थंडीत उभे राहून लोकांशी हात मिळवत होते. तुम्ही का कमी फिरता, असं कोणी विचारल्यावर बाईंनी उलट विचारलं, मग काय फेनवे पार्कबाहेर थंडीत उभी राहून हात मिळवत बसू?

तेवढ्यावर थांबल्या असत्या तरी निभावलं असतं. पुढे एका रेडिओवरच्या मुलाखतीत कर्ट शिलिंग यांचं नाव निघालं. हे गृहस्थ ब्राऊन यांचा प्रचार करत होते. बाई म्हणाल्या, तो होय, तोही यांकीजवालाच! आता शिलिंग कोण? २००४ साली रेड सॉक्सनं ८६ वर्षांनी अजिंक्यपद मिळवलं, तेव्हा घोट्याच्या जखमेतून येणाऱ्या रक्तानं मोजा लाल झालेला असतानाही जो चेंडू टाकत राहिला तो हा गडी. बोस्टनमधल्या शेंबड्या पोरालाही ते माहीत. आपल्याकडे एखाद्या उमेदवारानं कोल्हापुरात येऊन मारुती माने कोण म्हणून विचारावं, तशातली गत. १९ जानेवारीला निकाल लागला आणि बाई पडल्या. पडायची कारणं इतरही होती. तिथल्या आरोग्य विम्याच्या कायद्यावरून लोक बिथरले होते, रोजगार गेले होते. पण लोकांनी ताडलं होतं की या आपल्यात बसलेल्या नाहीत, मत तेवढं हक्कानं मागतात.

गोडबोल्या पुढाऱ्याचंही तिथं फावत नाही. न्यूयॉर्कचे माजी महापौर जुलियानी जन्मभर यांकीजचे कट्टर. २००७ साली अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी फिरताना ते बोस्टनला गेले आणि अंतिम सामन्यांत माझा पाठिंबा रेड सॉक्सला, असं म्हणून बसले. कारण उघड होतं. शेजारच्या न्यू हॅम्पशायर राज्यात सुरुवातीलाच मतदान होणार होतं, आणि तो सगळा मुलूख रेड सॉक्सवाल्यांचा. दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्कच्या पेपरांनी पहिल्या पानावर त्यांना गद्दार ठरवलं. याउलट ओबामा बघा. २०१० साली वॉशिंग्टनच्या मैदानावर हंगामाचा पहिला चेंडू टाकायला गेले तेव्हा अंगात यजमान संघाचं जाकीट होतं. मधोमध उभं राहिल्यावर त्यांनी आपल्या शिकागोच्या व्हाइट सॉक्सची टोपी काढून डोक्यावर चढवली. प्रेक्षकांतून थोडी हुर्यो झाली. पण हा माणूस कोणाचा आहे ते सगळ्यांना कळलं.

एवढं सगळं सांगायचं कारण असं की तिथं पुढाऱ्याला लोक विचारतात, बाबा रे, तू कोणत्या संघाचा? आपल्याकडे संघाला विचारतात, पोरांनो, तुम्ही कोणत्या पुढाऱ्याचे?

फरक लहान वाटेल, पण लहान नाही. तिथं संघ आधीचा, जुना आणि मोठा; पुढारी त्याच्या दारात टोपी बदलून येतो. इथं पुढारी आधी आणि संघ त्याच्या दारात. त्याच्याच टोप्या घालून.

आपल्याकडे सगळीकडेच असं आहे असंही नाही. कोल्हापूरचा फुटबॉल बघा. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. ही नावं तालमींची, मंडळांची आहेत, कोणा साहेबांची नाहीत. शाहू स्टेडियमवर सामना असला की एकाच संघासाठी ओरडणाऱ्या दहा जणांत चार पक्षांची माणसं सापडतील. तिथं पुढाऱ्याला पेठेच्या संघासाठी येऊन बसावं लागतं. गोव्यात चर्चिल आलेमाव यांचा चर्चिल ब्रदर्स हा क्लब त्यांच्या घराण्याच्याच नावाचा. पण त्यांनी तो चालवला, देशाची आय-लीग दोनदा जिंकून दाखवली, एकदा २००८-०९ ला आणि पुन्हा २०१२-१३ ला. म्हणून गोव्यातला मतदार त्यांच्या मागे बांधला गेला का? २०१४ साली ते दक्षिण गोव्यातून लोकसभेला पडले, २०२२ साली बाणावलीतून विधानसभेला पडले. फुटबॉलचं फुटबॉलला आणि मताचं मताला, हे तिथल्या माणसाला कळतं.

आता आपल्या गावात या. गावात एक मंडळ असतं. शाळेमागच्या जागेत संध्याकाळी कबड्डी, सुट्टीच्या दिवशी टेनिस बॉल क्रिकेट. पोरं आपापसात वर्गणी काढून चेंडू आणतात, चुना टाकतात. मग एका वर्षी कोणी तरी म्हणतं, साहेबांना भेटू, कपडे देतील. साहेब देतात. नाही कशाला म्हणतील? पंधरा-वीस टी-शर्टांना लागतात किती पैसे? त्या पैशात पंधरा-वीस घरांत फोटो जातो, आणि तो नुसता भिंतीवर राहत नाही, बाजारात, लग्नात, एसटीच्या थांब्यावर हिंडतो. फ्लेक्स आचारसंहितेत झाकावा लागतो, टी-शर्ट कोण झाकणार?

दुसऱ्या वर्षी विरोधी गटाला जाग येते. मंडळात भाऊबंदकीतली चार पोरं असतातच. त्यांना वेगळे टी-शर्ट येतात. एका मंडळाची दोन होतात. मग एकाच रविवारी एका शिवारात 'आमदार चषक' आणि दुसऱ्यात 'भावी आमदार चषक'. ज्याची चढाई अख्ख्या तालुक्यात नावाजलेली, तो पोरगा एकीकडे. ज्याची पकड लोखंडी, तो दुसरीकडे. दोघं एका संघात असते तर जिल्ह्याला गेले असते. आता दोन्ही संघ पहिल्याच फेरीत घरी येतात आणि एकमेकांकडे बघून दात विचकतात. वाचकहो, तुमच्या गावात असं नसेल तर फार चांगलं. पण शेजारच्या गावात विचारून बघा.

आणि पुढारी फुटला की काय होतं? २०२२ साली शिवसेना फुटली, २०२३ साली राष्ट्रवादी फुटली. कोण बरोबर, कोण चूक या वादात मी पडत नाही, ते तुम्ही मतपेटीत ठरवा. पण त्या दिवसांत गावोगाव तरण्या पोरांना विचारणा झाली की तुम्ही ह्यांच्याकडे का त्यांच्याकडे. ज्या पोरांनी कधी पक्षाची पावती फाडली नव्हती, फक्त एक टी-शर्ट घातला होता, त्यांनाही उत्तर द्यावं लागलं. जुना टी-शर्ट घालून नव्या चषकाला जाता येईना.

गावातल्या पोरांचं सोडा, थेट कुस्तीचं बघा. महाराष्ट्र केसरीची गदा १९६१ पासून चालत आलेली. ती मिळावी म्हणून मल्ल आयुष्यातली दहा-बारा वर्षं तालमीत घालवतो. आईबाप जमिनीचा तुकडा विकून बदाम-तुपाचा खुराक पुरवतात. २०२२ मध्ये कुस्तीगीर परिषदेत फूट पडली. दोन्ही बाजूंना राजकारणातली वजनदार मंडळी. परिणाम काय झाला? २०२३ च्या नोव्हेंबरात एकाच महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी झाले. पुण्याजवळ फुलगावला सिकंदर शेख, धाराशिवला शिवराज राक्षे. दोघंही अस्सल पैलवान, दोघांच्याही कष्टाबद्दल दुमत नाही. पण खरा महाराष्ट्र केसरी कोण, हा प्रश्न आखाड्यातल्या मातीनं सोडवायचा असतो. तो परिषदेच्या कागदपत्रांवर आला. वस्तादांना पठ्ठ्यांची जोड बघण्याऐवजी आपण कोणत्या परिषदेत ते बघावं लागलं.

पुढाऱ्यांनी खेळात येऊच नये असं माझं म्हणणं नाही. शरद पवारांनी कुस्ती, कबड्डी, क्रिकेट या तिन्ही खेळांच्या संघटना सांभाळल्या, मनोहर जोशी आणि विलासराव देशमुख मुंबई क्रिकेट संघटनेचे अध्यक्ष झाले. खेळाला पैसा लागतो, वजन लागतं, मंत्रालयात फाईल हलवणारा माणूस लागतो. कोल्हापूरची कुस्ती वाढली ती राजाश्रयावरच. पण शाहू महाराजांनी काय दिलं ते आठवा. १९१२ साली बांधून पुरं झालेलं खासबाग मैदान दिलं. गोल उतरत्या बैठका, मधोमध आखाडा, कुठूनही बसा, कुस्ती दिसते. शंभर वर्षं उलटून गेली तरी तिथं माणूस कुस्ती बघायला जातो. राजाला मतं मागायची नव्हती, हे खरं. पण आता ज्यांना मागायची आहेत, त्यांच्याकडे टी-शर्ट मागायचा की मैदान, हे तर आपल्याच हातात आहे.

बैलगाडा शर्यतीचा अनुभव ताजा आहे. सर्वोच्च न्यायालयानं ७ मे २०१४ ला बंदी घातली. २०१७ साली राज्यानं कायद्यात दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ ला न्यायालयानं शर्यतींना परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं कायदा वैध ठरवला. या काळात खिल्लार जोड्या कोणी सांभाळल्या? शर्यत नाही, कमाई नाही, तरी पेंड-कडबा घालून दावणीला कोणी ठेवल्या? शेतकऱ्यानं. परवानगी आल्यावर गुलाल मात्र सगळ्याच पक्षांच्या कार्यालयांपुढे उधळला गेला. (बैलाला एक बरं असतं, त्याला टी-शर्ट घालता येत नाही. झुलीवर मात्र आता लक्ष ठेवायला हवं.)

थोडं कायद्याचं. हे सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी मंडळींनी जरा लक्ष देऊन वाचावं. मत मिळावं म्हणून मतदाराला वस्तू देणं ही लाच आहे. लोकसभा-विधानसभेला १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२३ लागतं, त्यात हा भ्रष्ट मार्ग धरला आहे आणि निवडणूक रद्द होऊ शकते. ग्रामपंचायतीपासून वरच्या सगळ्या निवडणुकांना भारतीय न्याय संहितेचं कलम १७० आहे. त्यात देणारा अडकतो तसा घेणाराही अडकतो. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, दंड, किंवा दोन्ही. आता तुम्ही म्हणाल, मग इतके टी-शर्ट वाटतात कसे? निवडणूक जाहीर व्हायच्या आधी वाटतात म्हणून. चार-सहा महिने आधी 'खेळाला प्रोत्साहन' म्हणून दिलेली वस्तू मतासाठीच दिली, हे सिद्ध करणं महाकठीण. हे साहेबांच्या वकिलाला चांगलं माहीत असतं. आचारसंहिता लागल्यावर उघड्यावर वाटणारा माणूस म्हणजे नवखा उमेदवार, असं खुशाल समजा.

मैदानाच्या परवानगीचाही नियम आहे. आदर्श आचारसंहितेत स्पष्ट म्हटलं आहे की सार्वजनिक मैदानं सभेसाठी सत्तेतल्या पक्षानं आपल्यापुरती अडवून ठेवायची नाहीत. ज्या अटींवर एकाला, त्याच अटींवर दुसऱ्याला. चषकाच्या नावाखाली पंधरा दिवस मैदान अडवून रोज संध्याकाळी बक्षीस समारंभात प्रचाराची भाषणं होत असतील, तर परवानगी देणाऱ्यानं सही करताना दहादा विचार करावा. निस्तरायची वेळ आली की साहेब जातात मुंबईला, कागदावर सही राहते तुमची.

आणि ज्या मैदानावर हा सगळा खेळ चालतो, ते तरी कोणाचं आहे? पोरं खेळतात ती जागा बहुतेक गावांत गायरान असते, नाहीतर शाळेची, नाहीतर कोणाची पड जमीन. गायरान असेल तर कडेकडेनं ते दर वर्षी हातभर कमी होतं. आधी उकिरडा, मग गोठा, मग पत्र्याचं शेड, मग वीजजोड. गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढावीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २८ जानेवारी २०११ ला जगपाल सिंग खटल्यात दिला. तो दिल्लीत राहिला, गोठा इथंच राहिला. गोठा काढा म्हणायला कोणी तयार नाही, कारण तो कोणाच्या तरी गटाचा असतो, आणि त्याच गटानं पोरांना टी-शर्ट दिलेले असतात.

तेव्हा मंडळाच्या पोरांना माझं सांगणं एवढंच, की यंदा साहेब नारळ फोडायला आले तर टी-शर्ट नको म्हणू नका, मन मोडू नका. पण तो घालण्याआधी, माईक चालू असताना, चार लोकांसमोर विचारा: साहेब, या मैदानाचा सातबारा कोणाच्या नावावर आहे? तुम्ही निवडून आलात तर हद्द कायम करून मोजणी आणाल का? कोणत्या निधीतून कुंपण घालाल? आमदार निधी असो नाहीतर वित्त आयोगाचा पैसा असो, तो काही कोणाच्या घरचा नाही.

उत्तर येईपर्यंत थांबायचं कारणही नाही. तलाठी भाऊसाहेबांकडून (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) त्या गटाचा सातबारा आणि नकाशा काढून घ्या. अतिक्रमणाची नोंद गाव नमुना एक-ई मध्ये असते, तीही बघा, आपल्या मैदानावरची सगळी शेडं त्यात आली आहेत का मोजून घ्या. मग 'आमचं गाव, आमचा विकास' आराखड्यात मैदानाचं सपाटीकरण आणि कुंपण घ्यावं, असा अर्ज ग्रामसभेत द्या. दोन्ही गटांच्या खेळाडूंच्या सह्या एकाच कागदावर असल्या तर सरपंचाला तो बाजूला सारणं जड जातं. अर्ज साध्या कागदावर चालतो. पोच मात्र घ्यायला विसरू नका, आणि ठरावाची नक्कल महिन्याभरात मागून घ्या.